लांबी कापा, भाषा पातळ करू नका: पाचवीपासून उत्सवी मंडळापर्यंत जुनं नाटक शिकवताना

बाई, तुमच्या पत्रातला प्रश्न थोडक्यात असा. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या शाळेत तुम्ही पाचवी ते दहावीला मराठी शिकवता. मुलं घरी कोंकणी बोलतात, चौथीपर्यंत मराठीतून शिकली आणि पाचवीत आल्यावर माध्यम इंग्रजी झालं. संध्याकाळी गावातली कॉलेजची मुलं नाटकासाठी तुमच्याकडे येतात. आता देवळाच्या उत्सवात नाटक करणाऱ्या मोठ्या मंडळींनीही देवलांचं ‘शारदा’ हे संगीत नाटक बसवायला मदत मागितली आहे. जुनी नाटकं इतक्या वेगवेगळ्या वयांना कशी शिकवायची, आणि लहानांसाठी ती आजच्या सोप्या मराठीत लिहून घ्यावीत का, हे तुम्हाला हवं आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण पहिल्याचं बरंचसं त्यातच आहे. लिहून घेऊ नका. नाटक हवं तेवढं छोटं करा, पण जे ठेवाल ते मूळ शब्दांत ठेवा. कोणत्या वयाला किती नाटक द्यायचं आणि कुठल्या बाजूने आत न्यायचं हे बदलतं. भाषा मात्र पाचवीलाही तीच आणि साठीच्या माणसालाही तीच.

हे मी हट्टाने सांगते, कारण सोप्या केलेल्या संहितेतून नाटकाचा जीवच निघून गेलेला मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे. देवल, गडकरी अशा जुन्या नाटककारांचं वाक्य आजच्या बोलीत आणलं की गोष्ट उरते, पण नटाच्या तोंडाला करायला काही काम उरत नाही. मुलाला त्या जड, वळणदार वाक्यातच मजा येते. आपल्याकडे चतुर्थीला घराघरांत आरत्या होतात. घरात एरवी मराठीचा शब्द नसतो, पण सहा वर्षांचं पोर झांजा वाजवत सगळ्या आरत्या आणि शेवटचं ‘घालीन लोटांगण’ धडाधड म्हणतं, त्यातल्या संस्कृत ओळींसकट. अर्थ त्याला मागाहून हळूहळू कळतो. ज्या मुलाच्या कानाला ही सवय आहे, त्याला किर्लोस्करांची भाषा झेपणार नाही असं आपण आधीच का ठरवायचं?

लांबीचा प्रश्न वेगळा. जुनी नाटकं रात्रभर चालत, आपल्या देवळांत अजूनही पहाटेपर्यंत चालतात. तुमचा तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा. तेव्हा कात्री लावताना संकोच नको. खुद्द अण्णासाहेब किर्लोस्करांनी 31 ऑक्टोबर 1880 ला पुण्यात ‘शाकुंतल’ रंगमंचावर आणलं तेव्हा सातांपैकी पहिले चारच अंक केले होते. कापताना एक नियम मी पाळते. अख्खा प्रवेश वगळायचा किंवा अख्खा ठेवायचा. वाक्याच्या पोटात कात्री घालायची नाही. गळलेला भाग जोडून घ्यायला सूत्रधार आहेच. त्याला कोंकणीत बोलू द्या. लहान वर्गांत मी सूत्रधाराचं काम नेहमी कोंकणीत ठेवते, आणि तालमीतली चर्चाही. पात्र असं का वागलं, त्याला राग कशाचा आला, हे मुलं कोंकणीत फार नेमकं सांगतात. तेच मराठीत विचारलं तर पाठ्यपुस्तकातली वाक्यं ऐकायला मिळतात. संवाद मराठीत आणि त्यावरचं बोलणं कोंकणीत, अशी वाटणी एकदा झाली की मराठीची भीती निम्मी होते.

पाचवी-सहावीसाठी माझी पहिली निवड मराठी संगीत नाटक नसते. मी प्राचीन संस्कृत नाटककार भासाच्या नावावर असलेलं ‘मध्यमव्यायोग’ घेते. भासाची म्हणून ओळखली जाणारी तेरा नाटकं गणपतिशास्त्रींनी त्रिवेंद्रमहून 1912 पासून छापायला सुरुवात केली, त्यांतलं हे एक. एकच अंक, पात्रं मोजकी, जागा एकच अरण्य. एक म्हातारा ब्राह्मण बायको आणि तीन मुलांना घेऊन निघाला आहे. घटोत्कच त्यांना अडवतो. आईच्या उपवासाच्या पारण्यासाठी त्याला एक माणूस हवा आहे. म्हातारा स्वतः जायला तयार होतो, आई तयार होते, पण घटोत्कचाला ते चालत नाहीत. मग तिन्ही भाऊ पुढे येतात. थोरला बापाला सोडवत नाही, धाकटा आईला सोडवत नाही. उरतो मधला.

इथे वर्गात काय होतं ते बघा. ज्या मुलाला वर भाऊ आणि खाली बहीण आहे ते मूल एकदम ताठ बसतं. हा प्रवेश वाचून झाल्यावर मी पुस्तक मिटायला लावते आणि विचारते, त्या मधल्याला त्या क्षणी काय वाटलं असेल? “हांव कोणाकच नाका” (मी कुणालाच नको आहे) असं उत्तर पहिल्या मिनिटाच्या आत कुणीतरी देतंच. त्यानंतर मधल्या मुलाचं वाक्य कसं म्हणायचं ते शिकवावं लागत नाही. तो रडत नाही, आपल्या जिवाने बाकीच्यांचे जीव वाचले याचा त्याला आनंद आहे, असं नाटककार म्हणतो. दहा वर्षांच्या मुलांना हा आनंद खरा वाटत नाही, आणि त्यावरून वर्गात भांडण होतं. ते होऊ द्या, तेच शिकणं आहे. काही मुलं ते वाक्य हसून म्हणतील, काही ओठ आवळून. दोन्ही करून पाहा आणि कुठलं पटलं ते वर्गालाच ठरवू द्या.

पुढे तो मुलगा पाणी प्यायला जातो आणि परतायला वेळ लावतो. घटोत्कच कंटाळून हाका मारतो, “मध्यमा, मध्यमा!” आणि झाडीतून येतो भीम, कारण कुंतीच्या मुलांत मधला तोच. बाप-लेक समोरासमोर उभे आहेत. बापाला थोड्या वेळात कळतं, लेकाला शेवटपर्यंत कळत नाही. प्रेक्षकाला ठाऊक आणि पात्राला ठाऊक नाही, या गोष्टीची गंमत मुलांना इथे पहिल्यांदा अंगाने कळते. नाटकाच्या शास्त्रातलं कुठलंही नाव तेव्हा सांगायची गरज नाही.

या वयाला संहिता हातात देताना जुन्या नाटक मंडळ्यांची रीत वापरा. मंडळीत नटाला पूर्ण नाटक क्वचित मिळे. मिळे ती नक्कल, म्हणजे फक्त त्याची वाक्यं आणि प्रत्येक वाक्याआधी समोरच्याचे शेवटचे दोन-चार शब्द. मी पाचवीच्या मुलांना अशाच नकला वहीच्या अर्ध्या पानावर लिहून घ्यायला लावते. पूर्ण संहिता हातात असली की मूल आपली ओळ शोधत खाली मान घालून बसतं. नक्कल असली की त्याला समोरच्याचं ऐकावंच लागतं, नाहीतर आपली पाळी कधी आली ते कळणार कसं? शिवाय आपल्या हाताने लिहिलेलं वाक्य अर्धं पाठ झालेलंच असतं. भीम-घटोत्कचाच्या झटापटीला वेळ द्या. झाड उपटणं, शिखर फेकणं, मायापाश, हे सगळं रिकाम्या हातांनी करायचं. काठ्या, पुठ्ठ्याच्या गदा आणल्या की मुलांचं लक्ष वस्तूंवर जातं.

सातवी-आठवीत ‘संशयकल्लोळ’ घ्या. हे मूळ फ्रेंच नाटककार मोलियेरच्या फार्सचं. मर्फीच्या इंग्रजी रूपांतरावरून देवलांनी मराठीत आणलं, आणि इतकं आपलं केलं की मूळ परकं आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही. फाल्गुनराव, अश्विनशेट, भादव्या, कृत्तिका, रेवती ही नावं फळ्यावर लिहा आणि मुलांना कालनिर्णय उघडायला सांगा. महिने आणि नक्षत्रं सापडली की ती नाटकात शिरलीच. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना संशय हा विषय समजावून द्यावा लागत नाही. कोण कुणाशी बोललं, कुणी कुणाची चिठ्ठी वाचली, यात त्यांचा दिवस जातो. या नाटकात लक्ष ठेवायचं ते तसबिरीवर. ती कुणाच्या हातून पडली, कुणी उचलली, कुणी पाहिली, याचा नकाशा मुलांना वहीत काढू द्या. प्रसंगांचं कुलूप कसं बसवलंय ते तिथे उघड दिसतं.

मात्र रेवतीपाशी थांबा. ती नायकिणीच्या, म्हणजे गाण्या-नाचण्यावर जगणाऱ्या बाईच्या, घरातली मुलगी आहे, आणि गोव्यात हा शब्द नुसता पुस्तकातला नाही. वर्गात त्या घराण्यांतली मुलं असू शकतात. कुणी फिदीफिदी हसलं तर विषय टाळून पुढे जाऊ नका. देवळांची गायनसेवा कुणी सांभाळली, केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर कोणत्या परंपरेतून आल्या, मोगूबाई लहानपणी नाटक मंडळीत काम करत होत्या, हे सांगा. कुर्डी गाव मुलांना माहीत असतं. साळावली धरणाखाली गेलेलं, उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वर येणारं. तिथली मुलगी देशातल्या पहिल्या रांगेतली गायिका झाली हे ऐकलं की रेवतीचं गाणं वेगळ्या कानांनी ऐकलं जातं. आणि एवढं सांगून झालं की नाटकाकडे परत या. रेवती नाटकात स्वाभिमानी आहे, तिला तसंच उभं करा. तिच्यावर दया दाखवणारा अभिनय मुलींकडून मुळीच करून घेऊ नका.

याच वयाला छंद हाताने शिकवता येतात. किर्लोस्करांचं ‘सौभद्र’ 1882 चं. त्यात मोठ्या रागदारीच्या पदांबरोबर साक्या, दिंड्याही आहेत. दिंडीच्या चरणात नऊ आणि दहा अशा एकोणीस मात्रा. साकीत सोळा आणि बारा. टाळ्या वाजवत मोजा. गाता गळा नसलेलं मूलही साकी म्हणू शकतं, आणि आपण संगीत नाटकात उभे आहोत हे त्याला पुरतं. सगळी पदं गळ्याच्या दोन मुलांवर टाकून बाकीचा वर्ग श्रोता करू नये.

नववी-दहावीला ‘शारदा’, म्हाताऱ्याला दिल्या जाणाऱ्या मुलीचं नाटक. इथे मी सगळ्यात जास्त वेळ देते. परीक्षेच्या वर्षी वेळ कुठून आणायचा म्हणाल, तर मी पूर्ण नाटक घेतच नाही. शारदा आणि तिच्या मैत्रिणींचा प्रवेश, तिचे आईबाप इंदिराकाकू आणि कांचनभट यांचं भांडण, आणि लग्नाचा प्रवेश, जिथे वर आणि वधूपिता सगोत्र असल्याचं उघड होऊन लग्न मोडतं. तीन प्रवेशांत नाटक उभं राहतं.

मुलींना शारदेचं वय सांगायची गरज पडत नाही, त्या तिच्याच वयाच्या आहेत. नवरदेव भुजंगनाथ पंचाहत्तरीचा, त्यावर मैत्रिणींनी केलेली थट्टा त्यांना ताबडतोब जमते. अडतो तो कांचनभट. पैसे घेऊन मुलगी देणारा बाप म्हणजे खलनायक, असं धरून मुलगे आवाज चढवतात, डोळे वटारतात. तसं करू देऊ नका. मी कांचनभटाचं काम करणाऱ्याला एकच सूचना देते: हा माणूस स्वतःच्या नजरेत हिशेबी आणि शहाणा बाप आहे, तसा बोल. ओरडू नकोस. हिशेब सांगताना पान लाव, सुपारी कातर, बायकोकडे बघू नकोस. मग समोरच्या इंदिराकाकूला त्याची नजर मिळवावी लागते. ती जागा बदलते, त्याच्या समोर येते, तो अंग वळवून डबा पुढे ओढतो. हे घडलं की वर्ग गप्प होतो. ओरडणाऱ्या बापाला मुलं हसतात. सुपारी कातरत मुलीची किंमत सांगणारा बाप मात्र त्यांना भिववतो, कारण असं शांतपणे बोलणारं कुणीतरी त्यांनी पाहिलेलं असतं.

‘शारदा’ 1899 ची. त्यानंतर तीस वर्षांनी, 1929 मध्ये, बालविवाह रोखणारा कायदा झाला. पुष्कळांना वाटतं की ‘शारदा कायदा’ हे नाव नाटकावरून आलं. तसं नाही. विधेयक मांडणारे हरबिलास सारडा, त्यांच्यावरून ते नाव. मुलींच्या लग्नाचं किमान वय त्यात चौदा होतं. आणि तो ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा. तेव्हाचा गोवा पोर्तुगीजांकडे, इथे तो लागू नव्हता. हे सगळं नाटक करून झाल्यावर सांगा. आधी सांगितलंत तर मुलं ‘शारदा’ म्हणजे सामाजिक समस्येवरचा धडा म्हणून वाचतात आणि प्रवेश निर्जीव होतात. करून झाल्यावर त्यांनाच प्रश्न पडतो की पुढे काय झालं. आणखी एक प्रश्न दहावीच्या मुली हटकून विचारतात: लग्न मोडलं ते गोत्र एक निघालं म्हणून, म्हणजे म्हातारा दुसऱ्या गोत्राचा असता तर? हा प्रश्न आला की तुमचं शिकवणं पोहोचलं असं समजा. त्याचं उत्तर तुम्ही देऊ नका, एक तास त्यावर बोलू द्या.

कॉलेजच्या मुलांसाठी ‘एकच प्याला’. गडकरी 1919 च्या जानेवारीत गेले, नाटक त्यांच्यामागे त्याच वर्षी रंगभूमीवर आलं. गोव्यात दारू हा दुरून बघायचा विषय नाही. काजूचा हंगाम, फेणी, लग्नातली रात्र, पर्यटन, सगळं मुलांच्या आजूबाजूला आहे. तरीही हे नाटक व्यसनमुक्तीचं म्हणून शिकवू नका. सुधाकर हुशार वकील आहे. कोर्टात मानी स्वभावापायी खटका उडतो, सनद काही काळासाठी रद्द होते, आणि त्या दुखावल्या तासाला दारुडा तळीराम त्याला पहिला प्याला देतो. हा प्रवेश युक्तिवाद म्हणून बसवा. तळीराम एकेक पायरी कसा चढतो, सुधाकर कुठे नकार देतो आणि कुठे नुसताच गप्प राहतो, ते पेन्सिलीने खुणा करून काढा. मुलांच्या लक्षात येतं की सुधाकर दारूला हरायच्या आधी स्वतःच्या अहंकाराला हरला आहे.

गडकऱ्यांची वाक्यं लांब, एकात एक गुंफलेली. मुलं मध्येच श्वास घेतात आणि वाक्य विखुरतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं. तिथपर्यंत आवाजात बळ उरलं नाही तर ऐकणाऱ्याला काय झालं तेच कळत नाही. म्हणून आधी वाक्याचं क्रियापद शोधायचं, त्याखाली रेघ मारायची, आणि श्वासाच्या जागा मागून पुढे ठरवत यायच्या. अर्थाची तुकडेतोड आपोआप होते. हा व्यायाम रोज दहा मिनिटं केलात तर महिन्याभरात आवाज मागच्या रांगेपर्यंत जाऊ लागतो. माइक लावू नका.

सुधाकरच्या बायकोला, सिंधूला, आजच्या मुली हसतात, क्वचित चिडतात. तिचा बचाव करत बसू नका आणि तिला मोडीतही काढू नका. तिच्यासमोर तळीरामाची बायको गीता उभी करा, ती तोंडाला तोंड देते. दोघींचे प्रवेश पाठोपाठ ठेवले की गडकऱ्यांना दुसरा आवाज ऐकू येत होता हे दिसतं. सिंधू पहिल्यांदा बालगंधर्वांनी केली, तेही सांगा. बाईचं दुःख बाईच्या वेषातला पुरुष मांडत होता, आणि प्रेक्षागृह रडत होतं. त्याच काळात सावंतवाडीत जन्मलेल्या हिराबाई पेडणेकर ‘संगीत दामिनी’ हे नाटक लिहीत होत्या, हे जोडून सांगितलं की या वयाच्या मुलांना बोलायला खूप मिळतं.

राजकारणात रस असलेला गट असेल तर खाडिलकरांचं ‘कीचकवध’ वाचायला द्या. 1907 चं नाटक. कीचकात लोकांना व्हाइसरॉय राहिलेला लॉर्ड कर्झन दिसला, द्रौपदीत देश, युधिष्ठिरात मवाळ आणि भीमात जहाल. 1910 मध्ये सरकारने बंदी घातली. पुराणातली गोष्ट सांगून सत्तेला काय काय सुनावता येतं याचं याहून चांगलं उदाहरण मराठीत मला माहीत नाही. पण आधी कर्झन सांगू नका. आधी प्रवेश वाचा, द्रौपदीच्या अपमानावर राजसभा गप्प का बसते ते विचारा.

आता तुमच्या उत्सवी मंडळाकडे येते. या लोकांना ‘शिकवायला’ जायचं म्हटलं की मला आधी आदर वाटतो. पोर्तुगीज अमदानीत मराठी नाटक इथे देवळांच्या अंगणात जगलं, ते दिवसभर बागायतीत, दुकानात, कचेरीत काम करून रात्री तालमीला जमणाऱ्या अशाच माणसांमुळे. गायक-नट मास्टर दीनानाथ मंगेशीचे, हे आपण अभिमानाने सांगतो. त्यांच्या मागे गावागावांत ऑर्गन आणि तबला घेऊन बसणारे शेकडो अनाम लोक आहेत. तुमच्या मंडळातल्या साठीपुढच्या नटाला ‘शारदा’ बहुधा पूर्ण पाठ असेल, स्वतःची वाक्यं आणि समोरच्याचीही. त्यामुळे त्याला पाठांतर नको आहे, भूमिकेचा अर्थ समजावणंही नको. त्याला नवा कान हवा आहे.

अडचण पदांत असते. ध्वनिमुद्रिका ऐकून चाली घेतलेल्या असतात, त्यातल्या सगळ्या तानांसकट. पद सुरू झालं की नाटक थांबतं आणि मैफल सुरू होते. समोरचं पात्र तंबोऱ्यासारखं उभं राहतं. पहिल्या तालमीत मी पद गायला देतच नाही, संवादासारखं बोलायला लावते, समोरच्याकडे बघून. शारदा ‘मूर्तिमंत भीती उभी’ म्हणते तेव्हा तिच्यासमोर काय उभं आहे, ते तिला दिसू दे. बोलताना ज्या शब्दावर तिचा आवाज अडतो, त्या शब्दावर गाताना जागा घ्यायची. बाकीच्या ताना गळाल्या तरी चालतील. मुरलेले गायक सुरुवातीला नाराज होतात, पण ऑर्गनवाला लगेच समजतो, कारण साथीला नेमकं काय सोडायचं ते त्याला रोज कळत असतं. ‘वन्स मोअर’ आला तर? उत्सवात तो येणारच, द्या. लोकांचा आनंद आहे तो. फक्त दुसऱ्यांदा गाताना पात्रातून बाहेर पडून प्रेक्षकांना नमस्कार करू नका एवढं सांगा.

वेगवेगळी वयं एकत्र आणता आली तर जरूर आणा. नववीच्या तासाला मंडळातल्या एखाद्या जुन्या नटाला बोलवा आणि भुजंगनाथाचा प्रवेश मुलींबरोबर वाचायला सांगा. वयाचं अंतर प्रत्यक्ष समोर बसलं की नाटकाचा विषय सांगावा लागत नाही. मात्र अशा वाचनाला तुम्ही तिथेच बसून राहा, आणि पालकांना आधी कळवा. मुलांना एक तरी पूर्ण प्रयोग दाखवा. फोंड्याचं राजीव गांधी कला मंदिर, साखळीचं रवींद्र भवन तुम्हाला जवळ आहे. आणि जत्रेचे दिवस सुरू झाले की देवळात फुकट बघायला मिळतं. पाचवीच्या मुलांना उशिरापर्यंत जागवायचं नसेल तर संध्याकाळची रंगीत तालीम दाखवा. रंगभूषा होताना बघणं त्यांना प्रयोगाइतकंच आवडतं.

हक्कांचंही बघून ठेवा. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी कृती मुक्त होते. किर्लोस्कर 1885 मध्ये गेले, देवल 1916, गडकरी 1919, खाडिलकर 1948. यांची नाटकं तुम्ही कापू शकता, छापून वाटू शकता. कॉलेजच्या मुलांनी ‘नटसम्राट’ मागितलं, आणि ती मागतीलच, तर शिरवाडकर 1999 मध्ये गेले, त्याला परवानगी लागेल. ‘मध्यमव्यायोग’ मूळ मुक्त आहे, पण छापील मराठी भाषांतर कुणाचं आहे ते बघा. शाळेत संस्कृत शिकवणारं कुणी असेल तर दोघांनी बसून तुमचं स्वतःचं भाषांतर करा, आणि ते करताना भारदस्त शब्द टाळू नका.

वेळापत्रकाचं म्हणाल तर पावसाळ्यात वाचन आणि नकला लिहिणं उरका. चतुर्थीची सुट्टी संपली की मुलांना उभं करा. मंडळाची ‘शारदा’ जत्रेच्या तारखेवरून मागे मोजा आणि पदं आधी, गद्य मागून, हा त्यांचा नेहमीचा क्रम या वर्षी उलटा करून बघायला सांगा. सुरुवात कांचनभट-इंदिराकाकूच्या प्रवेशाने करा. तो उभा राहिला की बाकीच्या नटांना आपापल्या कामाची पट्टी सापडते.